हृदय चालू झालें, पण मेंदूचें काय?

आपल्या बोलण्यांत जीवाचें ठिकाण म्हणजे छाती. "जीव घाबरा झाला" असें सांगतांना मनुष्य हात छातीवर ठेवतो, डोक्यावर ठेवीत नाहीं. म्हणूनच एखाद्या घरांत कर्त्या पुरुषाचें हृदय एकाएकीं थांबतें, धांवपळ होऊन तें पुन्हां चालू केलें जातें, आणि अतिदक्षता विभागाच्या दारांतून "नाडी लागली" एवढे दोन शब्द बाहेर येतात, तेव्हां बाहेर बसलेल्या माणसांना गड सर झाला असें वाटतें. कोणी देवापुढें साखर ठेवण्यास घरीं कळवितो, कोणी परगांवच्या मुलाला "आतां काळजी नको" म्हणून फोन करतो. पण त्याच दारांतून बाहेर आलेल्या डॉक्टरांची मुद्रा मात्र मोकळी झालेली नसते. "आज कांहीं सांगतां येत नाहीं, निदान तीन दिवस जाऊं द्या," असें ते म्हणतात, आणि घरच्यांस वाटतें कीं हे आपल्यापासून कांहीं तरी लपवीत आहेत.

ते लपवीत नसतात. हृदय पुन्हां चालू होणें ही लढाईची एक आघाडी. दुसरी आघाडी कवटीच्या आंत असते आणि तिचा निकाल लागण्यास दिवस लागतात. इस्पितळाबाहेर हृदय बंद पडून कोसळलेले आणि रक्ताभिसरण परत सुरू झाल्यावर अतिदक्षता विभागांत पोंचलेले जे रोगी पुढें दगावतात, त्यांतील बहुतेकांच्या मृत्यूचें कारण हृदय नसून मेंदूला झालेली इजा हें असतें. हा मेंदू कसा दुखावतो, त्याला वांचविण्यासाठीं वैद्यकानें काय काय करून पाहिलें, त्यांतलें काय टिकलें, आणि घरच्या माणसांच्या हातीं काय आहे, याचा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मेंदूची भूक

मेंदूचें वजन सबंध शरीराच्या सुमारें २ टक्के. पण विश्रांतीच्या स्थितींतही शरीर जितका प्राणवायु वापरतें, त्याचा सुमारें पांचवा हिस्सा एकटा मेंदू घेतो. इतकी मोठी भूक असून त्याच्याजवळ शिल्लक मात्र जवळजवळ नसते. यकृतांत साखरेचा सांठा असतो, स्नायूंत असतो. मेंदूचें सारें हातावर पोट. रक्ताचा पुरवठा तुटल्यावर दहा-पंधरा सेकंदांत माणसाची शुद्ध हरपते, आणि चार-पांच मिनिटांत कायमची इजा होऊं लागते. हृदय स्वतः याहून बराच अधिक वेळ तग धरतें. यामुळेंच हृदय परत येतें आणि मेंदू परत येत नाहीं, असा दारुण प्रकार संभवतो.

मेंदूचेही सारे भाग सारखे नाजूक नसतात. नव्या आठवणी सांठविण्याच्या कामीं येणारा हिपोकॅम्पस नांवाचा भाग, आणि शरीराचा तोल राखणाऱ्या लहान मेंदूंतील कांहीं मोठ्या पेशी, या सर्वांआधीं बळी पडतात. श्वास चालविणारा मेंदूचा देठ त्या मानानें कणखर असतो. म्हणून रोगी स्वतः श्वास घेतो, डोळे उघडतो, पण ओळख देत नाहीं, अशी अवस्था येते. किंवा एरवीं ठणठणीत होऊन घरीं आलेला मनुष्य सकाळीं कोण भेटावयास आलें होतें तें दुपारीं विसरतो.

ही इजा एका घावाची नसते, दोन घावांची असते. प्रत्येक पेशी आपल्या भिंतींतून सोडियमचे कण बाहेर लोटीत आणि पोटॅशियमचे आंत ओढीत असते; या कामाला अखंड शक्ति लागते. प्राणवायु बंद होतांच ती शक्ति संपते, पेशी फुगूं लागतात, ग्लुटामेट नांवाचें द्रव्य बेसुमार बाहेर पडतें आणि त्याच्या चिथावणीनें कॅल्शियम पेशींत घुसतें. हा पहिला घाव. रक्त परत आलें कीं दुसरा सुरू होतो. परत आलेल्या प्राणवायूपासूनच कांहीं उपद्रवी रेणु बनतात व ते पेशींचीं आवरणें पोळून काढतात. मेंदूला सूज येते. बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त नीट वाहत नाहीं. आणि कित्येक पेशी लगेच न मरतां तासांनीं, कधीं दिवसांनीं मरतात. रशियन शास्त्रज्ञ व्लादिमिर नेगोव्स्की यांनीं १९३६ पासून मॉस्को येथें याच विषयाला वाहिलेली प्रयोगशाळा चालविली, आणि १९७२ सालीं या दुसऱ्या घावाला त्यांनीं 'पुनरुज्जीवनानंतरचा रोग' असें स्वतंत्र नांव दिलें. नांव देण्यांत मोठा लाभ झाला. जी इजा उशिरा होते ती टाळण्यास अवधि असतो, आणि जेथें अवधि आहे तेथें वैद्याला काम आहे.

श्वास, हृदय आणि मग मेंदू

मेल्यासारख्या दिसणाऱ्या माणसाला परत आणण्याची खटपट जुनी आहे. बुडालेल्यांना वांचविण्यासाठीं ॲम्स्टरडॅम येथें १७६७ मध्यें एक मंडळ निघालें. लंडनमध्यें तसेंच १७७४ सालीं निघालें. पण खरा रस्ता सांपडला तो विसाव्या शतकांत. १९४७ मध्यें अमेरिकेंतील क्लीव्हलँड येथें क्लॉड बेक या शल्यवैद्यानें शस्त्रक्रियेच्या वेळीं थरथरत बंद पडलेलें चौदा वर्षांच्या मुलाचें हृदय, त्याला प्रत्यक्ष विजेचा धक्का देऊन, पुन्हां ताळ्यावर आणलें. पीटर सफार या व्हिएन्नांत जन्मलेल्या भूलतज्ज्ञानें १९५७-५८ च्या सुमारास बाल्टिमोर येथें स्वयंसेवकांचे स्नायु औषधानें शिथिल करून तोंडाला तोंड लावून दिलेला श्वास पुरेसा होतो हें सिद्ध केलें. आणि १९६० सालीं त्याच शहरांतील जॉन्स हॉपकिन्स संस्थेच्या कौवेनहोवेन, ज्यूड व निकरबॉकर या तिघांनीं छाती न उघडतां, बाहेरून हातांनीं दाबून, रक्त खेळतें ठेवतां येतें असें दाखविलें. या तिघांतील कौवेनहोवेन हे डॉक्टर नव्हते, विजेचे इंजिनियर होते, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

श्वास व हृदय यांचा प्रश्न असा सुटत आला असतां मेंदूचा प्रश्न सफार यांच्या घरींच येऊन उभा राहिला. १९६६ मध्यें त्यांच्या लहान मुलीला दम्याचा प्राणघातक झटका आला. तिचें हृदय व फुप्फुसें परत चालू झालीं, पण मेंदू परत आला नाहीं आणि ती गेली. ज्याच्या पद्धतीनें जगांत कित्येकांचे प्राण वांचूं लागले होते, त्या बापाच्या वांट्याला हें यावें! या आघातानें सफार यांच्या उद्योगाची दिशा ठरून गेली. हृदय व फुप्फुसें यांचें पुनरुज्जीवन पुरेसें नाहीं, मेंदूचें पुनरुज्जीवन हाच खरा हेतु असला पाहिजे, असें त्यांनीं पुढें आयुष्यभर सांगितलें. १९७९ सालीं पिट्सबर्ग येथें त्यांनीं यासाठीं संशोधन-केंद्र स्थापिलें.

सुरुवातीची आशा औषधांवर होती. मेंदूला गाढ झोपवून त्याची भूक कमी करावी, या कल्पनेनें थायोपेंटल हें भुलीचें औषध देऊन पाहिलें. १९८६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या मोठ्या परीक्षेंत त्याचा उपयोग दिसला नाहीं. कॅल्शियमला अटकाव करणाऱ्या औषधाचीही पुढें तीच गत झाली. प्रयोगशाळेंत प्राण्यांवर चाललेलें औषध माणसावर चालतेंच असें नाहीं, हा धडा वैद्यकानें येथें पुनःपुन्हां गिरविला आहे.

थंडीचा इतिहास

मग उरली थंडी. शरीराचें उष्णमान उतरलें कीं मेंदूची भूक कमी होते; प्रत्येक अंशास सुमारें ६ ते ७ टक्के. १९५० च्या सुमारास टोरांटोचे विल्फ्रेड बिगेलो यांनीं हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठीं ही युक्ति सुचविली, आणि त्याच दशकाच्या अखेरीस बंद पडून चालू झालेल्या हृदयाच्या रोग्यांवर बाल्टिमोरमध्यें ती वापरली गेली. पण अति थंडीनें हृदयाचा ठेका बिघडतो, रक्त गोठण्याची क्रिया मंदावते, जंतूंचें फावतें. म्हणून ती मागें पडली. सफार प्रभृतींनीं सौम्य थंडीवर पुन्हां प्रयोग केले, आणि २००२ च्या फेब्रुवारींत दोन परीक्षांचे निकाल एकाच वेळीं बाहेर पडले. युरोपांतील परीक्षेंत २७५ रोगी होते. ज्यांना २४ तास ३२ ते ३४ अंश सेल्सिअसवर ठेविलें, त्यांपैकीं ५५ टक्क्यांचा मेंदू चांगला राहिला; इतरांत हें प्रमाण ३९ टक्के होतें. ऑस्ट्रेलियांतील ७७ रोग्यांच्या परीक्षेंत हेच आंकडे ४९ आणि २६ असे आले. जगभर बर्फाच्या पिशव्या आणि गार पाण्याचीं पांघरुणें अतिदक्षता विभागांत आलीं.

येथेंच गोष्ट संपली असती तर लेखकांची सोय झाली असती. पण शास्त्र सोयीसाठीं थांबत नाहीं. २००२ च्या परीक्षांत ज्यांना थंड केलें नाहीं, त्यांच्यांतील पुष्कळांचें उष्णमान वर चढूं दिलें गेलें होतें. तेव्हां लाभ झाला तो थंडीनें कीं ताप टळल्यानें, अशी शंका निघाली. स्वीडनचे निकलास नील्सन आणि त्यांचे सहकारी यांनीं ती कसोटीला लाविली. २०१३ मध्यें त्यांनीं ९३९ रोग्यांत ३३ अंश व ३६ अंश यांची तुलना केली. फरक दिसला नाहीं. २०२१ मध्यें सुमारें १,८५० रोग्यांत ३३ अंशांची थंडी आणि केवळ ताप येऊं न देणें यांची तुलना झाली. सहा महिन्यांनीं पहिल्या गटांत ५० टक्के दगावले होते, दुसऱ्यांत ४८ टक्के. मधल्या काळांत, २०१९ सालीं, फ्रान्समधील एका परीक्षेंत विजेच्या धक्क्यानें न सुधारणाऱ्या प्रकारच्या रोग्यांना थंडीचा थोडा लाभ दिसला. चांगला मेंदू राहिलेल्यांचें प्रमाण ५.७ टक्क्यांवरून १०.२ टक्क्यांवर गेलें. म्हणून वाद अगदींच मिटलेला नाहीं. परंतु एक गोष्ट सर्वांनीं मान्य केली आहे: पहिल्या कांहीं दिवसांत ताप चढूं द्यावयाचा नाहीं. शरीर साडेसदतीस अंशांच्या, म्हणजे आपल्या घरच्या थर्मामीटरवरील साडेनव्याण्णवच्या, आसपास रोखून धरावयाचें.

येथें वाचकांपैकीं कोणी विचारील कीं, बर्फांत गाडलेलीं माणसें जगल्याच्या गोष्टी आपण वाचतों त्या काय खोट्या? खोट्या नाहींत. १९९९ च्या मे महिन्यांत नॉर्वेंतील नार्विकजवळ एक तरुण स्वीडिश डॉक्टरीण बर्फावरून घसरत जाऊन गोठलेल्या ओढ्याच्या थराखालीं अडकली. ८० मिनिटांनीं बाहेर काढली तेव्हां हृदय बंद होतें, आणि इस्पितळांत पोंचल्यावर शरीराचें उष्णमान १३.७ अंश भरलें. ट्रॉम्सो येथील इस्पितळांत यंत्राच्या साहाय्यानें तिचें रक्त हळूहळू उबविलें. ती वांचली आणि पुढें डॉक्टर म्हणून कामावर रुजू झाली. पण बर्फाखालीं हवेच्या एका पोकळींत ती बराच वेळ श्वास घेत होती. हृदय थांबण्यापूर्वींच तिचा मेंदू थंड झालेला होता. भूक आधीं कमी झाली, अन्न मागाहून तुटलें. आपल्या दिवाणखान्यांत कोसळलेल्या माणसाचें अन्न आधीं तुटतें आणि थंडी मागाहून पोंचते. हाच दोहोंतील भेद.

आज काय करतात?

एखादें रामबाण औषध हातीं न लागल्यामुळें आजची मेंदूची राखण ही अनेक लहान गोष्टी चोख करण्यावर उभी आहे. प्राणवायु कमी पडूं द्यावयाचा नाहीं, तसाच भरमसाटही द्यावयाचा नाहीं. रक्तांतील त्याचें प्रमाण ९४ ते ९८ टक्क्यांत राखतात. व्हेंटिलेटरचा वेग वाजवीपेक्षां वाढला तर कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, आणि मदत करावयास गेलेलें यंत्र अपाय करतें. म्हणून तेंही प्रमाण स्वाभाविक ठेवतात. रक्तदाब पडूं देत नाहींत. रक्तांतील साखर फार चढूं किंवा उतरूं देत नाहींत. बेशुद्ध रोग्याला पुष्कळदां आंतल्या आंत झटके येत असतात व ते डोळ्यांना दिसतातच असें नाहीं. त्यासाठीं मेंदूच्या विद्युत्-लहरींचा आलेख काढतात. हृदयाची रक्तवाहिनी तुंबल्यानें प्रकार घडला असेल तर ती मोकळी करतात. यांत चमत्कार कांहीं नाहीं. रात्रंदिवसाची पहाऱ्याची नोकरी आहे. रोग्याच्या उशाशीं बसलेली परिचारिका तासातासाला जें टिपून ठेवते, त्यांतच मेंदूचें रक्षण असतें.

घरच्यांच्या हातीं काय?

पहिलीं पांच मिनिटें घरच्यांचीं असतात, कारण त्या वेळीं तेथें दुसरें कोणी नसतेंच. छाती दाबणें सुरू झालें नाहीं तर दर मिनिटाला वांचण्याची शक्यता सुमारें ७ ते १० टक्क्यांनीं घटते. या पांच मिनिटांत आपल्या घरांतून काय घडतें? कोणी कांदा हुंगवितो, कोणी तळपाय चोळतो, कोणी तोंडांत पाणी घालतो, चौघे मिळून रोग्याला गाडींत घालण्याची खटपट करतात. मनुष्य मधून मधून आचके देत असतो, म्हणून "श्वास आहे, श्वास आहे" असें म्हणत सारे थांबतात. तो श्वास नव्हे. हांक मारून, हालवून जागा न होणारा आणि नीट श्वास न घेणारा मनुष्य म्हणजे हृदय बंद पडलेला मनुष्य, असेंच समजून चालावें. एकानें १०८ किंवा ११२ वर फोन करावा. दुसऱ्यानें रोग्याला कठीण जमिनीवर उताणा ठेवून, छातीच्या मध्यभागीं एका तळव्यावर दुसरा तळवा ठेवून, कोपरें ताठ करून, पांच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या गतीनें दाबावें, आणि प्रत्येक वेळीं छाती पूर्ण वर येऊं द्यावी. थकल्यावर तिसऱ्यानें घ्यावें. एकत्र कुटुंबाचा याहून चांगला उपयोग आम्हांस तरी सुचत नाहीं. मोठ्या माणसाच्या बाबतींत तोंडानें श्वास देण्याचें साधलें नाहीं तरी चालतें. सामान्य लोकांनीं केवळ छाती दाबावी अशीच शिकवण भारतीय भूलतज्ज्ञांनीं २०१७ मध्यें घालून दिली आहे. लहान मुलें आणि बुडालेलीं माणसें यांना मात्र श्वासाचीही गरज असते. एखादी बरगडी मोडेल म्हणून कोणी कचरूं नये. मोडलेली बरगडी सांधते, मेलेली मेंदूची पेशी परत येत नाहीं.

दुसरा कठीण काळ म्हणजे त्या तीन दिवसांचा. रोग्याला झोपेचीं औषधें दिलेलीं असतात, मूत्रपिंडें व यकृत मंदावल्यामुळें तीं लवकर उतरत नाहींत. अशा स्थितींत "हांकेला ओ देत नाहीं" यावरून निकाल काढणें अन्यायाचें होईल. म्हणून निदान ७२ तास जावे लागतात, आणि तेव्हांही डोळ्यांच्या बाहुल्यांची प्रकाशाला प्रतिक्रिया, मनगटाच्या मज्जातंतूला दिलेल्या सूक्ष्म विजेचा मेंदूंत उमटणारा ठसा, विद्युत्-लहरींचा आलेख, मेंदूचीं छायाचित्रें, रक्ताची एक तपासणी, अशा अनेक खुणा एकत्र पाहूनच मत बनवितात. एका खुणेवर नव्हे. या दिवसांत दर तासाला वेगवेगळ्या नातेवाइकानें जाऊन तोच प्रश्न विचारण्यानें कोणाचेंच हित होत नाहीं. घरानें एक समंजस माणूस नेमावा. त्यानें दिवसांतून एकदां डॉक्टरांशीं स्वस्थपणें बोलावें आणि बाकीच्यांस सांगावें. त्याच वेळीं, आजींना धक्का बसेल म्हणून खरें लपवूं नये. ज्या घरांत खरें बोललें जातें, त्या घराला पुढचा निर्णय सोसतो.

कारण कधीं कधीं निर्णय घ्यावाच लागतो. मेंदू परत येण्याची आशा नाहीं असें ठरल्यावर यंत्रें चालू ठेवावींत कीं नाहीं, हा प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं हाताळला. आपल्या पश्चात् काय करावें हें मनुष्यानें शुद्धीवर असतांना दोन साक्षीदारांसमक्ष लिहून ठेवण्यास मान्यता दिली, आणि २०२३ मध्यें त्याची रीत सोपी केली. असें पत्र नसलें तरी वैद्यांच्या दोन मंडळांच्या विचारानें आणि घरच्यांच्या संमतीनें निर्णय होऊं शकतो. मृत्युपत्राचा विषय आपल्या घरांत अशुभ मानला जातो. पण वडील माणसानें न बोलतां ठेवलेली गोष्ट मुलांच्या माथीं आयुष्यभराचा सल होऊन बसते. जेवणें झाल्यावर एखाद्या संध्याकाळीं अण्णांनीं किंवा काकूंनीं आपली इच्छा शब्दांत सांगून टाकावी, यांत अशुभ कांहीं नाहीं.

आणि जो परत येतो, त्याच्या घरानेंही एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. जगलेल्यांपैकीं पुष्कळांना स्मृतीचा, एकाग्रतेचा, थकव्याचा त्रास महिनोन्‌महिने होतो. कित्येकांना उदासपणा किंवा धास्ती घेरते. बाहेरून प्रकृति सुधारलेली दिसते, म्हणून घरचे म्हणतात, "आतां सोंग पुरे, पूर्वीसारखे वागा." हें सोंग नसतें, तें त्या पहिल्या चार-पांच मिनिटांचें देणें असतें. औषधांच्या वेळा कागदावर लिहून भिंतीला लावाव्या, एका वेळीं एकच काम सांगावें, हिशेबाचीं कामें कांहीं काळ दुसऱ्यानें पाहावीं, आणि तीन महिन्यांच्या आंत डॉक्टरांकडून स्मृतीची व मनाची तपासणी करून घ्यावी. शुश्रूषा करणाऱ्या पत्नीचें किंवा सुनेचें मनही या काळांत तितकेंच थकलेलें असतें. तिला विसांवा देणें हाही उपचाराचाच भाग आहे.

सफार २००३ सालीं वारले. त्यांना हवें होतें तें मेंदूचें औषध अद्याप सांपडलेलें नाहीं. सांपडलें आहे तें इतकेंच कीं, वेळ गमावूं नये, ताप येऊं देऊं नये, आणि निकालाची घाई करूं नये. यांतील पहिली गोष्ट सर्वस्वीं आपल्या हातीं आहे, आणि ती शिकण्यास एक दुपार पुरते. घरांतील सोळा वर्षांपुढील प्रत्येकानें ती शिकून घ्यावी. ज्याच्यासाठीं शिकलों तो प्रसंग कधीं आलाच नाहीं, तर त्याहून चांगलें काय?